पंडिता रमाबाई आणि फुलहॅममधील एक दिवस

पंडिता रमाबाईंचे नाव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? केडगावच्या मुक्तिमिशनमुळे ते नाव दूरवर गेले, आणि शाळेच्या पुस्तकांतूनही त्यांचे चार ओळींचे चरित्र मुलांच्या वाचनात येते. परंतु त्याच केडगावच्या आवारात मुक्तिसदन, शारदासदन, प्रीतिसदन यांच्याबरोबर कृपासदन या नावाचे एक निराळे घर बाईंनी उभारले होते. त्याची हकीकत मुलांच्या पुस्तकांत सहसा येत नाही. समाजाने ज्यांना पतित म्हणून वेशीबाहेर घातले, अशा स्त्रियांसाठी ते घर होते. पुराणे सांगत देशभर हिंडलेल्या एका शास्त्र्याच्या कन्येस असे घर बांधावे हे कोठून सुचले? त्याचे उत्तर लंडन शहराच्या फुलहॅम नावाच्या भागात, १८८३ साली, बाईंनी डोळ्यांनी पाहिलेल्या एका दिवसात आहे. तो दिवस मध्यभागी ठेवून आम्ही हे चरित्र सांगणार आहोत. तेव्हा इतर काही मोठे प्रसंग येथे धावते आले, तर वाचकांनी राग मानू नये.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे ठाम मत असून त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, स्वतः ती विद्या शिकविली. लोकांस हे रुचले नाही, म्हणून शास्त्रीबुवा गाव सोडून रानात जाऊन राहिले. पुढे द्रव्य संपले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. त्या वेळी रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या, व त्यांस वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगर उतरविण्यात आले. यात्रेतच त्या वाढल्या. वडील वृद्ध झाले होते, म्हणून कन्येला शिकविण्याचे काम आईने घेतले. दिवसाच्या कामांस जुंपण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात, ती माउली लेकीस जागी करून पाठ देई. त्या पहाटेच्या पाठांतूनच भागवताचे सहस्रावधी श्लोक रमाबाईंच्या जिभेवर बसले.

त्यानंतर दक्षिणेत दुष्काळ आला. भीक मागणे शास्त्रीबुवांच्या स्वभावात नव्हते आणि अंगमेहनतीचे काम कोणास येत नव्हते. जवळची भांडी, वस्त्रे, दागिने विकून झाले. पुढे पाला आणि रानची फळे यांवर दिवस काढले. १८७४ साली प्रथम वडील गेले, मागोमाग आई गेली. आईचे प्रेत स्मशानात न्यावयास चार खांदेकरी मिळेनात. दोघा ब्राह्मणांस दया आली; तिसरा भाऊ श्रीनिवास; आणि चौथा खांदा सोळा वर्षांच्या रमाबाईंनी दिला. त्या ठेंगण्या असल्यामुळे खांद्याऐवजी डोक्यावर भार घेऊन त्यांस तीन मैल चालावे लागले. आमच्या वस्तीचे नाव पुंडलिकनगर. त्या नावासरशी ज्या मातृपितृभक्ताची आठवण होते, त्याच्या कथेशेजारी ही खरी घडलेली गोष्ट ठेवावी असे आम्हांस वाटते.

बहीणही पुढे निवर्तली. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते, म्हणून या विवाहाने पुष्कळांच्या भुवया चढल्या. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली, आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ व नवरा अशी पाच माणसे गमावलेली ही विधवा कडेवर मूल घेऊन पुण्यास आली. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन या देशात स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची केवढी गरज आहे हे स्पष्टपणे मांडले. आपणच वैद्यकी शिकावी असे त्यांच्या मनाने घेतले. त्यासाठी विलायतेस जावयाचे, तर पैसा हवा. पुस्तकाच्या विक्रीचा पैसा प्रवासखर्चास उपयोगी पडला.

वाँटेज गावच्या सेंट मेरी भगिनीमंडळाची एक शाखा त्या वेळी पुण्यात होती व तेथील बाईंपाशी रमाबाई इंग्रजी शिकत. त्या ओळखीने मार्ग निघाला. विलायतेत त्यांनी भगिनींस मराठी शिकवावे व त्याच्या मोबदल्यात भगिनींनी त्यांची राहण्याजेवणाची सोय करावी, असे ठरले. ही गोष्ट लहान दिसते, परंतु तिच्यात रमाबाईंचा स्वभाव आहे: फुकटचे अन्न नको, देऊन घेऊ. एप्रिल १८८३ मध्ये मनोरमा व आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण यांच्यासह त्या मुंबईहून जहाजात बसल्या आणि मे महिन्यात विलायतेस उतरल्या. आपण धर्म बदलण्यास जात नाही, असे त्यांनी निघताना स्पष्ट सांगितले होते. आणि तेव्हा ते खरेच होते.

वाँटेज हे लंडनपासून सुमारे साठ मैलांवरचे शांत गाव. येथे भगिनींचा मठ, त्यांच्या शाळा, प्रार्थनेच्या घंटा, ठरलेला दिनक्रम. थोड्याच दिवसांत भगिनींनी हवापालट म्हणून बाईंस आपल्या लंडनच्या शाखेकडे पाठविले. ती शाखा फुलहॅमला होती. थेम्स नदीकाठचा हा भाग त्या काळी पालटत होता. जेथे भाजीपाल्याचे मळे होते तेथे कामकऱ्यांच्या घरांच्या लांबच लांब रांगा उठत होत्या. लंडन हे तेव्हा पृथ्वीवरील सर्वांत मोठे शहर, आणि दारिद्र्यही त्याच मापाचे. खेड्यांतून चाकरीसाठी येणाऱ्या पोरक्या मुली तेथे फसत, आणि एकदा फसलेल्या मुलीस पुन्हा कोणी दारात उभे करीत नसे. म्हणजे या बाबतीत राज्यकर्त्यांचा देश आपल्या देशाहून फार निराळा नव्हता. अशा मुलींस आसरा देण्याचे काम वाँटेजच्या भगिनींनी आपल्या मंडळाच्या आरंभकाळापासून, १८५० च्या सुमारापासून, चालविले होते.

फुलहॅमच्या भगिनी रमाबाईंस ते काम दाखविण्यास घेऊन गेल्या. पाहुण्यांस अशा जागी नेतात तेव्हा बहुधा स्वच्छ खोल्या, शिवणकाम, धुलाईचे काम दाखवितात व पाहुणाही मान डोलावून परततो. रमाबाईंच्या बाबतीत तसे झाले नाही, कारण त्यांस तेथे काही माणसे भेटली. पूर्वी याच आश्रमात वाचविलेल्या म्हणून आलेल्या कित्येक स्त्रिया आता आजाऱ्यांची आणि पंगूंची शुश्रूषा करीत होत्या. जिला कालपर्यंत लोक रस्त्यात टाळीत, तिच्याच हातून आज रोगी पाणी घेत होता. भगिनी त्यांच्याशी बरोबरीच्या माणसाप्रमाणे वागत होत्या आणि त्या स्त्रियांच्या बोलण्यात लाचारी नव्हती. हे दृश्य बाईंच्या मनात कायमचे राहिले. चोवीस वर्षांनंतर, १९०७ साली, आपली जीवनसाक्ष लिहिताना त्यांनी ते नेमके आठवून लिहिले.

त्या दिवशी त्यांच्या मनात काय घडले असेल ते समजण्यास त्यांची पूर्वीची विद्या ध्यानात घ्यावी लागते. कलकत्त्यास असताना त्यांनी धर्मशास्त्रे वाचली होती. पतित ठरलेल्या स्त्रीस राजाने किती क्रूर देहदंड द्यावा हे मनुस्मृतीत त्यांनी वाचले होते; त्याच शास्त्रांत विधवेचे आणि शूद्राचे स्थान काय ते पाहून त्यांचे मन आधीच अस्वस्थ झाले होते. आता फुलहॅमला त्यांनी पाहिले की दंड देण्याऐवजी कोणी हात देतो आहे. पतित म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठीही काही करावयाचे असते हा विचारच आपल्या आयुष्यात प्रथम तेथे सुचला, असे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे. आपल्या देशात असे काही झालेले आपण पाहिले वा ऐकले नाही, असेही त्या लिहितात.

येथे आम्हांस दोन शब्द जोडणे भाग आहे. बाईंनी पाहिले नव्हते हे खरे. परंतु पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ सालीच फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. म्हणजे महाराष्ट्र या बाबतीत अगदीच रिता नव्हता. दुसरी गोष्ट अशी की, इंग्लंड व आयर्लंड येथील या जातीच्या सर्वच आश्रमांची कीर्ती पुढे चांगली राहिली नाही. कित्येक ठिकाणी दयेच्या नावाखाली मुलींस वर्षानुवर्षे कोंडून ठेवून त्यांच्याकडून कष्ट करून घेतले गेले, हे नंतरच्या काळात उघड झाले आहे. रमाबाईंनी पाहिली ती त्या कामाची चांगली बाजू. मात्र पाहुणेपणात दिसलेली चांगली बाजू आपल्या घरी प्रत्यक्षात आणणे यास मोठे मन लागते, आणि ते त्यांच्यापाशी होते.

परत आल्यावर त्यांनी आपणांस धर्मविषयक शिक्षण देणाऱ्या भगिनीस सरळ विचारले की, ख्रिस्ती माणसास या स्त्रियांची एवढी कळकळ का वाटावी. त्या भगिनीने वाद घातला नाही की ग्रंथांचे प्रमाण काढून दाखविले नाही. तिने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडून वाचून दाखविला. भर दुपारी, जेव्हा दुसरी कोणी बाई पाणवठ्यावर नसते अशा वेळी, शोमरोनी जातीची एक स्त्री घागर घेऊन विहिरीवर येते. तिच्या पूर्वायुष्यावर गावाची बोटे. यहुदी लोक शोमरोन्यांचे भांडेदेखील वापरीत नसत. तेथे बसलेला यहुदी गुरू तिच्याजवळ पिण्यास पाणी मागतो आणि खऱ्या भक्तीचे स्वरूप प्रथम तिलाच सांगतो. ती भक्ती या डोंगरावर किंवा त्या नगरात बांधलेली नसते. ज्या मुलीने लहानपणी एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थास पाय झिजविले आणि जिच्या देशात कोणाच्या हातचे पाणी घ्यावे व कोणाचे घेऊ नये यावर सारा व्यवहार चालत होता, तिला ही कथा इंग्रजीत ऐकूनही परकी वाटली नसावी. आम्हांस तर वाटते की, विलायतेतील कोणत्याही बाईपेक्षा रमाबाईंस ती अधिक कळली असेल.

यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे रमाबाईंनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्याच महिन्याच्या आरंभी एक अति दुःखद घटना घडली होती. आनंदीबाई भगत यांच्या मनाचा तोल जाऊन, आपणांस बळेच बाटविले जाईल या भयाने, त्यांनी आपल्या जीवाचा अंत करून घेतला. असे असता रमाबाईंनी धर्मांतर केले हे ऐकून पुण्यात मोठा क्षोभ उसळला. त्या वेळी त्यांच्या बाजूने उघडपणे लिहिणारे थोडे. त्यांत जोतीराव फुले हे प्रमुख होत. त्यांनी १८८५ साली सत्सार या पुस्तिकेत रमाबाईंचा कैवार घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे बाईंनी आपली बुद्धी मिशनऱ्यांच्या हवाली केली, असा समज पुण्यात होता. विलायतेतही कित्येकांची तशी अपेक्षा असावी. दोघांचीही निराशा झाली. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला, तेव्हा १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या कन्याविद्यालयात गेल्या. तेथे डॉरोथिया बील या प्राचार्यांच्या आश्रयाखाली त्या शिकत व संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुषांस शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, आणि बाईंनी ती हरकत मुळीच मानली नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. गळ्यातील क्रूसावर आपणांस न समजणारी लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत असावीत, असा त्यांनी आग्रह धरला. त्रैक्याच्या सिद्धांतावर भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांनी लांबलचक पत्रे लिहून वाद घातला. फुलहॅमने त्यांस ख्रिस्ताकडे वळविले. परंतु कोणत्याही धर्मपीठापुढे मान तुकविण्याचे बळ कोणाला त्यांच्यावर चालविता आले नाही.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांस डॉक्टरची पदवी मिळाली, तो समारंभ पाहण्यास त्या हजर होत्या. आल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, राहिल्या जवळजवळ तीन वर्षे. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन विधवांच्या शाळेस दहा वर्षे साहाय्य देण्याचे तिने पत्करले. जपानमार्गे परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले; पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. त्या शाळेची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हीच पुढे धोंडो केशव कर्वे यांची सहधर्मचारिणी झाली.

शारदासदनात कोणाच्या धर्मास हात लावावयाचा नाही, असे ठरले होते. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. दार लावून घ्यावे असे पुण्यातील हितचिंतकांचे म्हणणे. आपल्या घरात आपले दार का लावावे, असा बाईंचा विचार. १८९३ साली हे प्रकरण चिघळले. रानडे व भांडारकर यांसारखे सल्लागार बाजूस झाले आणि सुमारे पंचवीस मुलींस पालकांनी काढून नेले. आमच्या मते दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे होती. ज्या बापाने लोकनिंदा सोसून आपली विधवा लेक शाळेत पाठविली, त्याच्या भीतीस हसणे सोपे आहे. परंतु ती लेक घरी परतून पुन्हा स्वयंपाकघराच्या अंधारात गेली, हेही विसरता येत नाही.

फुलहॅमची गोष्ट मात्र बाईंच्या मनात दबून होती. तिला चालना मिळाली ती वृंदावनास. साध्या यात्रेकरूच्या वेषात त्या तेथे गेल्या आणि पुण्य जोडण्यासाठी आलेल्या तरुण विधवांचे तेथे काय होते ते त्यांनी पाहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात गेल्या तेव्हा तर भुकेल्या मुलींस हेरणारे दलाल त्यांच्या अगोदर पोहोचलेले त्यांस दिसले. स्वतःचे भुकेचे दिवस त्यांस आठवले असतील यात संशय नाही. तीनशे मुली आणावयाच्या असा निश्चय करून त्यांनी तो पार पाडला. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून एवढी माणसे ठेवावयास केडगावची घेतलेली जमीन उपयोगी पडली. आमच्या छत्रपती संभाजीनगराहून आगगाडीने जावयाचे झाल्यास मनमाड, अहिल्यानगर व दौंड या मार्गाने ते गाव लागते; दौंडच्या पुढे पुण्याच्या बाजूस. तेथे प्रथम तंबू आणि झोपड्या, मग १८९८ मध्ये मुक्तिसदनाची इमारत. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जमावात सर्वच मुली अजाण बालिका नव्हत्या. कित्येकींची विटंबना झालेली होती, कित्येकी रोगी होत्या. त्यांस इतरांत मिसळू द्यावे, तर लहान मुलींची काळजी. परत पाठवावे, तर पुन्हा तोच रस्ता. अशा वेळी बाईंनी कृपासदन बांधले. तेथे औषधपाणी होते, शिकणे होते, काम होते. जी बरी होऊन आपल्या पायांवर उभी राहिली ती इतरांच्या सेवेस लागावी ही रीत फुलहॅमची होती, आणि केडगावी माणसे वाढविण्याचा तोच मार्ग बाईंनी धरला. मुक्तीत विणकाम, दुग्धालय, तेलाचे घाणे, छापखाना हे सारे स्त्रिया चालवीत. आंधळ्यांसाठी निराळे घर होते व मनोरमाबाई त्यांस बोटांनी वाचावयाचे ब्रेल अक्षर शिकवीत.

१९१९ साली सरकारने रमाबाईंस कैसर-ई-हिंद पदक दिले. त्या वेळी त्या एका निराळ्याच कामात गढल्या होत्या. सारे बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठीत आणावयाचे, आणि तेही अशा सोप्या मराठीत की, नुकती अक्षरे शिकलेली खेड्यातील बाई ते स्वतः वाचू शकेल. जिने भागवत मुखोद्गत केले होते आणि जिला संस्कृत शब्द हात जोडून उभे असत, तिने जाणून बुजून ते शब्द बाजूस सारले. या कामास पुष्कळ वर्षे लागली. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. तरी मुद्रिते तपासण्याचे काम थांबले नाही. ते संपले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंनी देह ठेवला.

तो ग्रंथ १९२४ साली पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या व पाने बांधणाऱ्या स्त्रिया मुक्तीच्याच होत्या. लंडनहून परतलेल्या रमाबाईंस एका भगिनीने वाचून दाखविलेला योहानाचा चौथा अध्याय त्यात आहे: दुपारची वेळ, विहीर, घागर घेऊन आलेली ती बाई, आणि तिच्याजवळ पाणी मागणारा प्रवासी.